विजयनगरीचे प्रकल्पग्रस्त

सासऱ्याला कॉम्प्युटर शिकवू नये. अगदीच राहवत नसेल तर पत्ते खेळायला शिकवावं, फार तर रेल्वेचं तिकीट काढायला शिकवावं. पण शहर बांधायला? चुकूनसुद्धा नाही. हे शहाणपण दिग्विजयला आज आहे. त्या शुक्रवारी संध्याकाळी नव्हतं, म्हणून तर ही सगळी रामकहाणी.

त्याचे सासरे रंगराव म्हणजे पुनावळ्याचे मूळ गावकरी. गेल्या महिन्यात एका बैलगाडा शर्यतीत त्यांच्या भावकीतले बैल पहिले आले आणि त्या आनंदात घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला उड्या मारताना रंगरावांचा पाय मोडला. (बैलांना काही झालं नाही.) गावातल्या घराला जिना, म्हणून रुपालीनं वडिलांना लिफ्टवाल्या फ्लॅटवर आणलं. नवव्या मजल्यावर प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसलेला हा माणूस चौथ्या दिवशी कंटाळून गेला. बाल्कनीतून वॉचमनला ओरडून सल्ले देऊन झाले. येईल त्या पाहुण्याला खालचा स्विमिंग पूल दाखवून "तितं माजी हीर व्हती" हे सांगून झालं. पुढे काय करायचं?

आता दिग्विजयचं ऐका. तो चाकणला गाड्यांच्या दारांची हँडलं बनवणाऱ्या एका कंपनीत असिस्टंट प्लॅनर. नऊ वर्षं असिस्टंट! या नऊ वर्षांत हँडलाची चार मॉडेलं बदलली, कँटीनचे तीन ठेकेदार बदलले, कंपनीच्या मांजराची नातवंडं कामाला लागली. पण दिग्विजयच्या हुद्द्यापुढचं 'असिस्टंट' तसूभर हललं नाही. (रंगरावांच्या हिशेबी तर 'असिस्टंट' म्हणजे नोकरी नव्हेच, उमेदवारी.) आणि आता कंपनीची नवी शेड होणार होती, तिच्यासाठी 'लेआउट इन-चार्ज' अशी नवीकोरी जागा निघाली होती.

ती जागा कोणाला द्यायची हे ठरवायला नव्या प्लांट हेड विजयश्री मॅडमनी एक अजब परीक्षा काढली. ज्याला शहर चालवता येतं त्याला प्लांटही चालवता येतो, असं त्या कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकून आल्या होत्या. म्हणून इच्छुकांनी शहर बांधायचा कॉम्प्युटर गेम घ्यायचा, तीन आठवड्यांत त्यात शहर वसवायचं आणि सोमवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. लोकवस्ती, वाहतूक आणि जनतेचं समाधान, या तीन गोष्टींवर मार्क.

इच्छुक दोनच. एक दिग्विजय, दुसरा गणराज. गणराज त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर, आणि बोलताना दर वाक्याला 'स्केलेबल', म्हणजे हवं तितकं वाढवता येणारं, असं म्हणणारा. म्हणजे किती धोका होता ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पण दिग्विजयनं शहर असलं झकास वसवलं होतं की बघत राहावं! नाव 'विजयनगरी'. (नाव स्वतःवरून ठेवलं होतं. मॅडमच्या नावातही विजय आहे हा निव्वळ योगायोग, असं तो शपथेवर सांगायचा.) लोकवस्ती चौऱ्याण्णव हजार. नदीच्या अलीकडे घरं, पलीकडे कारखाने, मध्ये एकच पूल आणि त्या पुलावर हिंजवडीला लाजवेल असा ट्रॅफिक जॅम. तो जॅम मुद्दाम ठेवलेला होता! कारण शहराच्या बरोबर मधून एक लांबलचक रिकामी पट्टी त्यानं राखून ठेवली होती. सोमवारी मॅडमच्या डोळ्यांदेखत त्या पट्टीतून एका दमात हायवे काढायचा, दुसरा पूल टाकायचा, की वाहतूक एकतीस टक्क्यांवरून थेट ऐंशीवर. मॅडम टाळ्या वाजवणार, गणराज पाणी पिणार. रुपालीनं तर फ्लॅटच्या दारावरच्या नव्या पाटीचा मजकूरसुद्धा मनात ठरवून टाकला होता.

तर शुक्रवारी संध्याकाळी हे शहर न्याहाळत दिग्विजय बसला होता, आणि रंगराव मान लांब करून त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"ही जमीन कोनाची म्हनायची, जावईबापू?"

"कोणाचीच नाही, मामा. गेम आहे हा."

"कोनाचीच न्हाई आशी जमीन आस्ती व्हय? आवो, नदीतल्या वाळूला बी मालक आस्तो."

"बरं, माझी समजा. मीच इथला महापौर."

रंगरावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाकडे आदरानं पाहिलं. मग त्यांचं बोट पडद्यावर सरकत सरकत त्या रिकाम्या पट्टीवर येऊन थांबलं.

"आन् ही मधली पट्टी मोकळी का वो सोडली?"

इथं दिग्विजयनं 'उगाच' म्हणायला हवं होतं. एवढा एक शब्द! पण नऊ वर्षांत त्याला त्याच्या प्लॅनिंगबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. कोणी विचारलं की माणूस विरघळतो. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मामा, सोमवारी अकरा वाजता इथून हायवे जाणार आहे. अजून कोणालाच माहीत नाही."

 रंगरावांनी दाराकडे पाहिलं. टीव्हीचा आवाज वाढवला.

"नक्की हितनंच?"

"नक्की."

"नकाशा बदलनार न्हाई ना?"

"माझाच नकाशा आहे, मामा. कोण बदलणार?"

"बरं," रंगराव हळूच म्हणाले, "ह्यात झाडं लावता येत्यात का?"

दिग्विजयला बरंच वाटलं. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्याचा ओव्हरटाइम होता. म्हातारा झाडं लावत बसला तर रुपालीच्या डोक्याला ताप नाही, आणि कडेकडेनं हिरवळ वाढली तर जनताही खूश. त्यानं दहा मिनिटांत सगळं शिकवलं: हे दाबलं की झाड, हे दाबलं की घर, हे दाबलं की शाळा. रंगराव भराभर शिकले. दिग्विजय मनात म्हणाला, काय हुशार माणूस आहे, उगाच शेतीत अडकला!

आता रंगरावांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. बावीस वर्षांपूर्वी बायपासला जमिनी गेल्या. त्यांचा चुलतभाऊ धोंडीबा याला कोणा कारकुनाकडून आठ महिने आधीच कुणकुण लागली. पठ्ठ्यानं कोणाला न सांगता रस्त्याच्या आखणीवर तीनशे आंब्याची कलमं लावली, पत्र्याची शेड उभी केली, एक खड्डा खणून त्याला विहीर म्हणायला सुरुवात केली. मोजणीवाले आले, पंचनामा झाला, झाडागणिक भरपाई मिळाली. बंगला झाला, बंगल्यापुढे पांढरी गाडी आली. आणि रंगराव? शेजारच्याच बांधावर उभे होते. त्यांच्या पंचनाम्यात एकच शब्द होता : 'गवत'. तो शब्द बावीस वर्षं त्यांना सलत होता. पैशांपेक्षा जास्त सलत होतं ते हे, की आपल्याला कोणी सांगितलं नाही.

आणि आज सांगितलं होतं. तेही प्रत्यक्ष महापौरानं, आणि महापौर घरचा जावई!

शनिवारी दिग्विजयची बस सुटली तसे रंगराव लॅपटॉपसमोर बसले ते रविवार संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. रुपाली चहा नेऊन द्यायची, आणि वडील या वयात कॉम्प्युटर शिकताहेत म्हणून तिचा ऊर भरून यायचा. मध्ये त्यांनी फोन स्पीकरवर टाकून थोरल्या बहिणीचा, गोजाबाईंचा सल्लाही घेतला.

"दोन हजार येकशे आंबं लावलं, आक्का. धा गोठं, चार हिरी. आजून काय घालू?"

"साळा घाल येक. साळा पाडाया सरकार भितंय."

"घातली."

"मंग मसनवटा घाल मधूमध. समद्याला हात लावत्याल, त्याला न्हाई लावायचं कोन."

रंगरावांनी मसनवटा घातला. चांगला ऐसपैस. विजयनगरीतली मंडळी तिथं जाऊ लागली, म्हणजे त्यातली मेलेली. दोन दिवसांत तो भरूनही गेला.

रविवारी खेळ बंद करताना पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. रंगरावांनी हाक मारली, "रुपे, हे काय इचारतंय बघ."

"जुनं पुसून त्या जागी नवं ठेवू का म्हणतंय, आप्पा."

"ठिव म्हनावं. जुन्या नोंदी ठिवल्या की वारस भांडत्यात."

रुपालीनं ठेवलं. दिग्विजय थकून घरी आला, त्यानं सासऱ्यांना विचारलं, "लावली का झाडं?" रंगराव म्हणाले, "लावली की!" आणि असं काही हसले की त्या हसण्याचा अर्थ कोणत्याही शहाण्या माणसानं विचारला असता. दिग्विजय बूट पॉलिश करायला बसला.

सोमवार, अकरा वाजले. कॉन्फरन्स रूममध्ये विजयश्री मॅडम, एचआरचे एहसान साहेब, सगळे विभागप्रमुख. गणराजचं शहर आधी झालं. चौकोनी होतं. एकही झाड नव्हतं, पण गाड्या धावत होत्या. मॅडम "नॉट बॅड" म्हणाल्या.

मग दिग्विजय उठला. "मॅडम, आत्ता तुम्ही एक चमत्कार बघणार आहात," असं म्हणून त्यानं विजयनगरी उघडली.

चमत्कार झालाच. राखीव पट्टीत घनदाट जंगल उभं होतं. जंगलात गोठे होते, गोठ्यांशेजारी विहिरी म्हणून पाण्याचे पंप होते, शाळा सुटून पोरं रस्त्यावर आली होती, आणि बरोबर मधोमध, जिथं दुसरा पूल टेकायचा तिथं, तुडुंब भरलेली स्मशानभूमी होती.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"हे... हे अडथळे आहेत, मॅडम. खऱ्या आयुष्यात असतात तसे. आता मी ते दूर करतो." (हजरजबाबीपणा त्याच्याकडे होता हो, उपयोग होत नव्हता एवढंच.)

त्यानं बुलडोझर घेतला. झाडं गेली. जनतेच्या डोक्यावर लाल रागीट तोंडं उगवली. गोठे गेले. पंप पाडले तर अर्ध्या शहराचं पाणी गेलं, कारण रंगरावांनी जुने पंप 'दोन-दोन कशाला' म्हणून काढून टाकले होते. शाळा पाडली तशी लाल तोंडं दुप्पट झाली. शेवटी बुलडोझर स्मशानभूमीवर आला, आणि पडद्यावर सूचना आली की स्मशानभूमी रिकामी केल्याशिवाय पाडता येणार नाही.

"मग करा रिकामी," मॅडम म्हणाल्या.

दिग्विजयनं घाईघाईनं नदीपलीकडे, कारखान्यांच्या मागे, दुसरी स्मशानभूमी टाकली आणि पहिली रिकामी करायचं बटण दाबलं. अरे देवा! पहिलीतून शववाहिका निघाल्या. एक निघाली, दहा निघाल्या, साठ निघाल्या. सगळ्या त्या एकाच पुलावर. पुलावर आधीच कारखान्याची शिफ्ट सुटलेली. शववाहिकांच्या मागे बस, बसच्या मागे आगीचा बंब, बंबाच्या मागे पाण्याविना आजारी पडलेल्यांच्या अँब्युलन्स. माणसं तिथंच दगावू लागली आणि त्यांच्यासाठी अलीकडून नव्या शववाहिका निघाल्या. वाहतूक एकतीसवरून नऊ टक्क्यांवर आली. लोक घरं सोडून शहराबाहेर पळू लागले. म्हणजे पळणार होते, पण पूल जाम होता.

बारा वाजायच्या आत विजयनगरीची लोकवस्ती चौऱ्याण्णव हजारांवरून सहा हजारांवर आली होती, आणि त्या सहा हजारांतले बहुतेक पुलावर होते.

"मिस्टर दिग्विजय," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपल्या नव्या शेडमध्ये दोनशे माणसं काम करणार आहेत. मला ती जिवंत हवी आहेत."

जागा गणराजला मिळाली. बाहेर आल्यावर गणराजनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाईट वाटून घेऊ नको भावा. स्मशानभूमी मात्र स्केलेबल होती."

घरी येईपर्यंत दिग्विजयनं बसमध्ये बसून सासऱ्यांना सुनवायची तेरा वाक्यं तयार केली होती. दार उघडताच त्यानं पहिलं टाकलं, "मामा, तुम्ही माझं वाटोळं केलंत!"

"पाडलं?" रंगराव ताडकन उठायला गेले आणि प्लास्टर आठवून खाली बसले. "समदं पाडलं?"

"पाडायलाच लागलं!"

"नोटीस दिली व्हती?"

"कोणाला नोटीस देणार?"

"मला! पंचनामा झाला? मोजनी झाली? दोन हजार येकशे आंबं, बिगरनोटिशीचं तोडलं?" रंगरावांचा आवाज चिरकला. "येकदा आमाला फसवलं, गवत म्हनून लिवलं. आता डोळ्याम्होरं झाडं हायती तरी तोडत्यात? हुकूम कोनाचा व्हता?"

आणि बघा, इथं दिग्विजयनं दुसरी चूक केली. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलेलं बघून त्यानं उरलेली बारा वाक्यं गुंडाळून ठेवली. त्याला वाईट वाटलं. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण हे दुःख बघवेना. तो पडेल आवाजात म्हणाला, "मॅडमचा. कंपनीचा म्हणा."

"कंपनीचा. बरं," एवढंच रंगराव म्हणाले आणि जेवायला बसले. दिग्विजयला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टची बस कंपनीच्या गेटशी पोचली तेव्हा गेटसमोर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर रंगराव बसले होते. प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी गोजाबाई सतरंजीवर मशेरी लावत बसलेल्या. मागे भावकीतले साहेबराव आणि पंधरा-वीस गावकरी, आणि हातात फलक : 'विजयनगरी प्रकल्पग्रस्तांना न्याय मिळालाच पाहिजे'. बंदोबस्ताला आलेले हवालदार चहा पीत होते. चहा साहेबरावांनीच सांगितला होता.

दिग्विजय बसच्या सीटखाली जाता येतं का ते बघत होता.

एवढ्यात एहसान साहेब बाहेर आले. चाकणच्या पट्ट्यात सतरा वर्षं एचआर सांभाळलेला माणूस. गेटवर खुर्ची, फलक आणि हवालदार दिसले की कुठली जमीन, कुठला गट नंबर, हे विचारत बसायचं नाही. माल आत जायच्या आधी मिटवायचं, हा त्यांचा नियम. सोमवारी पडद्यावर पाहिलेलं शहर आणि मंगळवारचा हा फलक यांची सांगड त्यांच्या डोक्यात बसली नाही. का बसावी? कोणाच्या बसली असती? तुम्हीच सांगा.

"बोला काका. काय गेलं तुमचं?"

"दोन हजार येकशे झाडं. धा गोठं. चार हिरी."

एहसान साहेबांनी लिहून घेतलं.

"येक साळा."

लिहून घेतलं.

"आन् मसनवटा. भरल्याला."

पेन थांबलं. "स्मशानभूमीपण?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आत वळून कोणाला तरी सांगितलं, "करारावर मॅडमची सही लागेल. आत्ताच्या आत्ता. वर्तमानपत्रात यायच्या आत." मग ते खुर्चीशेजारी उकिडवे बसले. "काका, मागणी काय तुमची?"

बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या दिग्विजयचे कान टवकारले. खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक निलाजरी आशा चमकून गेली.

"पैसा नको आमाला," रंगराव म्हणाले. "कायदा सांगतो तुमाला. जमीन गेली की घरटी येक नोकरी. माज्या जावयाला नोकरी द्या."

"शिक्षण?"

"इंजनेर हाय. प्ल्यानिंग करतो. लई हुशार हाय वो, पर कोन कदर करत न्हाई त्याची."

दिग्विजयला गलबलून आलं. नऊ वर्षांत त्याच्या अप्रेझलमध्ये एवढं चांगलं वाक्य कोणी लिहिलं नव्हतं.

"प्लॅनिंगमध्ये एक जागा देतो," एहसान साहेब म्हणाले, आणि जावयाचं नाव, वय, पत्ता घाईघाईत, काय लिहितोय ते न बघता, लिहून घेतला. करार झाला. मॅडमनी सकाळच्या सह्यांच्या गठ्ठ्यात त्यावरही सही केली. हवालदार साक्षीदार झाले. घोषणा झाल्या, गेट उघडलं, कच्च्या मालाचा ट्रक आत गेला.

गोंधळ दुपारी उघडकीला आला. दिग्विजय नेमणुकीचं पत्र घेऊन धापा टाकत एचआरमध्ये गेला. एहसान साहेबांनी पत्र पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पत्र पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाबा, जावई म्हणजे तू?"

"हो सर. सर, यात 'प्लॅनिंग ट्रेनी' लिहिलंय. मी नऊ वर्षं असिस्टंट आहे!"

"असशील. पण करार पोलिसांसमोर झालाय, मॅडमची सही आहे. आता फिरवला तर तुझे सासरे उद्या परत गेटवर. स्मशानभूमी घेऊन."

"पण मग माझी नऊ वर्षं?"

"एका माणसाला दोन नेमणुका देता येत नाहीत. पगार तुझा तोच ठेवतो, एवढं मी बघतो." एहसान साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सहा महिने प्रोबेशन. रजा नाही. रिपोर्टिंग गणराजला. आणि उद्या सकाळी सेफ्टी ट्रेनिंगला बस, नव्या पोरांबरोबर. दार कसं उघडायचं ते शिकवतात."

संध्याकाळी दिग्विजय घरी आला तेव्हा सोसायटीच्या खाली गर्दी होती. व्हीलचेअरवर बसून रंगराव येईल-जाईल त्याला पेढे वाटत होते. बावीस वर्षांत एवढा आनंदी माणूस पुनावळ्यात कोणी पाहिला नसेल. शेजाऱ्याच्या तोंडात पेढा कोंबून ते सांगत होते, "जावयाला चिकटवला बरं का, चाकनच्या मोट्या कंपनीत! माज्या शब्दावर घेतला!"

रुपाली लाजून गोड हसत होती. तिच्याकडे बघून दिग्विजय पुढे झाला. त्यानं वाकून सासऱ्यांना नमस्कार केला.

गोजाबाईंनी त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला आणि भावाकडे वळून विचारलं, "मंग इतकी वर्सं रोज डबा घिऊन कुटं जात व्हतं रं हे?"